वरून घेतलेला घोट

आमच्या घरात बाटलीला तोंड लावायची पद्धत नाही. लहानपणी ताई शाळेतून आली की आधी विचारायची, "बाटली उष्टी केलीस का रे?" मी हो म्हटलं की ती बाटली बाजूला सारून माठाकडे जायची. तिच्या धाकाने मी वरून प्यायला शिकलो. मान मागे टाकायची, बाटली चार बोटं वर धरायची आणि धार थेट घशात सोडायची. ओठाला थेंब लागत नाही आणि जिभेला चव कळेपर्यंत घोट खाली गेलेला असतो. छत्तिसाव्या वर्षापर्यंत मला ह्या कसबाचं कौतुक होतं.

मे महिन्यात साताऱ्याला ताईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. मी कराडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतो. सुट्टीच होती, म्हणून दोन दिवस आधी हाताखाली गेलो. ताबा मिळाला तेव्हा न्हाणीघराच्या टाइल्सवर सिमेंटचे डाग तसेच होते, ते काढायला मिस्त्रीने एक पोरगा पाठवला होता. त्याच्याकडे ॲसिड होतं. सायकलवरून "फिनेल, ॲसिड" ओरडत येणारा विकतो तेच. पाण्याच्या लिटरच्या रिकाम्या बाटलीत आणलेलं, झाकण निळं, कागद अर्धा फाटलेला. डागावर ओतलं की फसफसून फेस यायचा आणि धूर डोळ्यांत जायचा. सकाळपासून घरभर तोच वास, त्यामुळे दुपारपर्यंत माझं नाक मेलं होतं. त्यात शनिवार, माझा उपास. पोटात फक्त सकाळचा चहा.

ओट्यावर चार बाटल्या होत्या. तीन ताईने भरून ठेवलेल्या. चौथी त्या पोराने, खिडकीची चौकट पुसायला म्हणून, पाच मिनिटांपूर्वी आणून ठेवलेली.

पाणी गार नाही, एवढंच मला आधी कळलं. मग दात आंबले. कच्ची चिंच खाल्ल्यावर आंबतात तसेच, पण सगळे एकदम. तोवर एक घोट गेला होता आणि दुसरा अर्धा. मग छातीच्या मधोमध एक रेघ ओढली गेली, फळ्यावर खडूने वरून खाली ओढावी तशी, आणि ती बेंबीच्या वर येऊन थांबली. तिथेच पेटली. मी बाटली खाली ठेवली, झाकणसुद्धा लावलं. हे का केलं ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या दहा मिनिटांत जो तो डॉक्टर झाला. शेजारच्या काकू म्हणाल्या, मीठ-पाणी पाजा, ओकू दे सगळं. दाजी विज्ञान शाखेचे. त्यांनी खायचा सोडा शोधायला घेतला. ॲसिडला सोडा मारतो हे त्यांना पाठ. ताई दूध घेऊन आली. मी नुसती मान हलवत होतो, कारण घशातून काही जाईल असं वाटतच नव्हतं. त्या मान हलवण्याने माझं किती वाचलं ते नंतर कळलं. ओकारी काढली की तेच ॲसिड आलेल्या वाटेने परत जातं, जळलेलं पुन्हा जाळतं आणि श्वासनळीतही शिरू शकतं. सोड्याने ॲसिड मरतं खरं, पण मरताना वायू सोडतं. बाटलीत सोडा-लिंबू कसं उसळतं ते दाजींनीच आम्हाला एकदा करून दाखवलं होतं. तेच माझ्या भाजलेल्या पोटात झालं असतं. दुधाने जळणं थांबत नाही, वर नंतर पोटात दुर्बीण घालून बघणाऱ्याला सगळं पांढरं दिसतं. खरं शहाणपण सुचलं त्या पोरालाच. तो नळाकडे बोट दाखवत म्हणाला, "चुळा भरा, साहेब, चुळा भरा आणि थुका." तो रडत होता.

साताऱ्याच्या दवाखान्यात बॅटरी मारून तोंड बघितलं. ओठ चांगले, जीभ चांगली, टाळूवर थोडी लाली. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की प्यायलात ना? का नुसतं तोंडात गेलं?" वरून प्यायलो म्हणून तोंड वाचलं होतं आणि तोंड वाचलं म्हणून माझं कोणाला खरं वाटेना. तोंडात भाजल्याची खूण नसली तरी आत भाजलेलं असू शकतं, हा ह्या प्रकारातला पहिला धडा. त्यांना तो ठाऊक होता, त्यांनी मला लगेच पुण्याला पाठवलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी दोन तास एका पिशवीत थुंकत होतो. स्वतःची लाळ गिळता न येणं म्हणजे काय हे आधी कधी मनातही आलं नव्हतं. माणूस दिवसभर किती गिळत असतो! खंबाटकी बोगद्यात शिरताना आवाज बसला, आणि मी ताईला "पाणी" म्हणालो ते कोणा दुसऱ्याच माणसाने म्हटल्यासारखं बाहेर आलं. तिने दिलं नाही. तिला सांगून ठेवलं होतं.

पुण्यात माझ्या कागदावर लाल शाईने तीन अक्षरं पडली : एमएलसी. मला वाटलं रोगाचं नाव. बायको कराडहून थेट आली होती, तिने सिस्टरांना विचारलं. मेडिको-लीगल केस. विष किंवा ॲसिड पोटात गेलं की पोलिसांना कळवावंच लागतं. रात्री नऊच्या सुमाराला हवालदार जबाब घ्यायला आले. भला माणूस, माझ्याहून दमलेला. मला बोलता येईना म्हणून त्यांनी वही पुढे केली. प्रश्न सरळ होते. घरात काही वाद? कर्ज? नोकरीत त्रास? मी लिहिलं : चुकून. त्यांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, सगळे चुकूनच लिहितात."

ते गेल्यावर बायको बराच वेळ सलाईनच्या थेंबांकडे बघत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, मला तरी खरं सांगा." भाजल्यापेक्षा ते जास्त लागलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, भाजलेलंच जास्त दुखत होतं. पण त्या रात्री मी वहीची दोन पानं भरली : उपास, वास, चार बाटल्या, निळं झाकण, वरून पिण्याची पद्धत. गणिताची उकल पायऱ्यांसकट लिहावी तसं. खाली "म्हणून" लिहून दुहेरी रेघ मारली. तिने वाचलं, आणि वही उशाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञही येऊन गेले. त्यांचा राग आला नाही, कारण वॉर्डातल्या माझ्यासारख्या दुसऱ्या रुग्णाने खरोखर जाणूनबुजून घेतलं होतं. मोठ्या माणसांत पुष्कळदा तसंच असतं, आणि लहान मुलांत बहुतेक अपघात. मी मोठा असून लहान मुलांच्या रांगेतला निघालो.

सकाळी स्कोपी झाली. भाजल्यावर पहिल्या चोवीस तासांत आत बघून घेतात, फार तर अठ्ठेचाळीस. त्यानंतर भिंत मऊ पडत जाते आणि दुर्बीण घालणंच धोक्याचं होतं. त्याआधी छातीचा एक्स-रे काढून हवा भलतीकडे साचली नाही ना, म्हणजे कुठे भोक पडलं नाही ना, ते बघितलं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र बघितलं. सुजलं होतं, पण श्वासाची वाट मोकळी होती. बाहेर आल्यावर शिकाऊ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टू बी." मला आधी ते इंग्रजी क्रियापदच वाटलं. निघाली ती भाजल्याची यत्ता. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे सूज आणि लाली, दोन-ए म्हणजे वरवरचे व्रण, दोन-बी म्हणजे खोल किंवा गोल फिरून आलेले व्रण, तीन-ए म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी मेलेली भिंत, तीन-बी म्हणजे पसरून मेलेली. ही पायरी लावून दिली चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या झरगर नावाच्या डॉक्टरांनी, १९९१ च्या लेखात, आणि आता जगभर ह्याच यत्तेत नाव घालतात. आपल्या देशात अशा केसेस एवढ्या येतात की मोजपट्टी इथे तयार व्हावी ह्यात नवल नाही.

त्या डॉक्टरीणबाई मला आवडल्या, कारण त्या चित्र काढून शिकवत. तपासणीच्या कागदाच्या पाठीवर त्यांनी एक नळी आणि तिच्याखाली एक पिशवी काढली. म्हणाल्या, "ॲसिड अन्ननलिकेला चाटत जातं आणि जठराला चावतं, असं आमच्यात म्हणतात." कारण ते पाण्यासारखं पातळ, नळीतून झरकन उतरतं. शिवाय ते मांसाला शिजवून घट्ट करतं, पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो आणि तोच पुढे जाणारं ॲसिड थोडंफार अडवतो. कॉस्टिक सोड्याचं उलटं. तो चरबीचा साबण करतो आणि विरघळवत विरघळवत खोल शिरतो, म्हणून त्यात अन्ननलिकाच जास्त जाते. "आणि तुम्ही उपाशी होतात," त्या म्हणाल्या. पोट भरलेलं असतं तर ॲसिड अन्नात मिसळलं असतं. रिकाम्या जठरात ते भिंतीच्या घडीवरून ओघळत थेट तळाच्या दाराशी आलं, दार दचकून मिटलं, आणि ॲसिड तिथेच तुंबलं. छातीवरची ती रेघ जिथे थांबून पेटली होती, तिथेच. मारुतीच्या उपासाचा असा हिशेब लागेल हे मला सुचलं नसतं.

त्या दाराला पायलोरस म्हणतात. पुढचे सहा महिने मी ह्या एका शब्दाभोवती फिरलो.

स्कोपीच्या वेळीच नाकातून एक बारीक नळी जठराच्या पलीकडे, लहान आतड्यात सोडली होती. एरवी वॉर्डात नळी अंदाजाने सरकवतात, पण भाजलेल्या वाटेवर अंदाज चालत नाही. पुढचे अठरा दिवस माझं जेवण त्या नळीतून. बायकोने मुगाचं कढण, ताक, भाताची निवळ असं वस्त्रगाळ करून द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी प्रेमापोटी नाचणीची पेज दिली आणि नळी चोंदली. कोमट पाण्याच्या पिचकाऱ्या मारमारून सिस्टरांनी ती मोकळी केली आणि बायकोला असं काही फैलावर घेतलं की ती त्यानंतर गाळणीवर गाळणी धरून गाळायची. पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. शेजारच्या खाटेवर कोणी स्टीलचा डबा उघडला की मेथीचा वास यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणी मला थुंकून टाकावं लागायचं. ते गिळता येऊ लागलं त्या दिवशी, सहाव्या दिवशी, मी नर्सबाईंना खुणेने बोलावून गिळून दाखवलं.

पहिला आठवडा उलटला आणि मी माणसांत आलो, तेव्हा डॉक्टर मात्र जास्त गंभीर झाले. सकाळ-संध्याकाळ पोट दाबून बघायचे. जळलेला थर गळून पडत असतो आणि नवा धरलेला नसतो. पाचव्या दिवसापासून दोनेक आठवड्यांपर्यंत भिंत सगळ्यात कच्ची. ह्याच दिवसांत ती फाटते, रक्त सुटतं, छातीत पू होतो. माझं तसं काही झालं नाही. समोरच्या खाटेवरच्या माणसाचं झालं. एका रात्री पडदा लावला गेला, सकाळी खाट धुतलेली होती. त्याबद्दल मी एवढंच लिहू शकतो.

तीन आठवड्यांनी घरी आलो. नळी निघाली होती. मऊ भात, वरण, तूप. आईने दृष्ट काढली. भेटायला येणारा प्रत्येक जण केळी आणायचा, आणि ती मला चालत होती! जूनमध्ये शाळा सुरू होणार होती आणि मी फळ्याला रंग देण्याच्या विचारात होतो. आवाज अजून घोगरा होता. मुलं त्याला "सरांचा हिरोचा आवाज" म्हणणार हे मला माहीत होतं. सुटलो, असं मी चार जणांना फोनवर सांगितलंसुद्धा.

पाचव्या आठवड्यात चार घासांत पोट भरायला लागलं. उन्हाळा आहे, आई म्हणाली. मग संध्याकाळी करपट ढेकर. मग एक दिवस रात्री दहाला मोठी उलटी झाली आणि तिच्यात सकाळची पालकाची भाजी होती. पान ओळखू येत होतं. पित्त नाही, कडू नाही, सकाळी जे ठेवलं ते जसंच्या तसं परत. मी दोन-तीन दिवस हे कोणाला सांगितलं नाही. मग एसटीने साताऱ्याला जात होतो. गतिरोधकावर गाडी आदळली आणि माझ्या पोटात डचमळलं. नुसतं वाटलं नाही, ऐकू आलं. कमरेवरच्या अर्ध्या हंड्यात पाणी हिंदकळावं तसं. शेजारच्या आजींनी माझ्या पिशवीकडे बघितलं. त्यांना वाटलं पिशवीत काहीतरी सांडतंय.

बेरियमचा पांढरा लगदा पाजून फोटो काढले. चित्र स्वच्छ होतं. जठर ओटीपोटापर्यंत लोंबलेलं, बाजारच्या पिशवीसारखं, आणि खाली जिथे दार हवं तिथे एक पांढरा दोरा. मी विचारलं, "जखम बरी झाली नाही का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम भरली, सर. म्हणूनच तर."

हे समजायला मला फार वेळ लागला, आणि अजून पुरतं समजलंय असं नाही. लहानपणापासून आपण हेच ऐकत आलो की खपली धरली, जखम भरत आली, आता काळजी नको. गुडघ्यावरच्या जखमेचा वण आवळला तर कातडं जरा ओढल्यासारखं दिसतं, बाकी काही बिघडत नाही. पण गोल नळीच्या आत, गोल फिरून आलेल्या जखमेचा वण आवळला तर तो कशावर आवळणार? वाटेवरच. ॲसिडने माझं दार जाळलं ते काही सेकंदांत. ते बंद केलं माझ्याच शरीराने, पाच आठवडे रोज राबून, इमानेइतबारे. तिसऱ्या आठवड्यानंतर हे आवळणं सुरू होतं आणि महिनोन् महिने चालू राहतं. दोन-बी आणि त्यापुढच्या यत्तांत बहुतेकांना त्यातून जावं लागतं. मी आनंदाने फोन करत होतो तेव्हा आत हेच काम चाललं होतं.

उपाय दोन. एक म्हणजे शस्त्रक्रिया : त्या दाराला वळसा घालून जठर थेट आतड्याला जोडायचं. दुसरा म्हणजे फुगा. दुर्बिणीतून एक चिंचोळा फुगा त्या अरुंद जागेत सरकवायचा, पाण्याने फुगवायचा, मिनिटभर तसाच धरायचा, काढून घ्यायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. मी फुगा निवडला. खरं सांगायचं तर पोट फाडायला घाबरलो. पहिल्या वेळी दार तीन-चार मिलिमीटर होतं, शिसपेन्सिलीच्या आतल्या शिशाहून थोडं जाड. आठ मिलिमीटरचा फुगा लावला. मी विचारलं, एकदाच पंधरा का नाही करत? "फाटेल," डॉक्टर म्हणाले. मला कासार आठवला. लग्नात बायकोच्या हातात चुडा भरताना त्याने किती वेळ घेतला होता, हात दाबत, चोळत, बोलण्यात गुंतवत. घाई केली असती तर काच तरी फुटली असती नाहीतर हात तरी.

दर सोमवारी त्या खोलीबाहेर एक बाक भरायचं. घशात मारलेल्या कडू फवाऱ्याने सगळ्यांची तोंडं बधिर, त्यामुळे बोलणं बोबडं. तिथले जुने लोक नव्यांना शिकवायचे, आणि मी सगळ्यांत नवा. एकीने सांगितलं, भाकरी दुधात नाही, ताकात कुस्कर, दुधात ती चिकट होते. एकाने सांगितलं, निजताना उशाच्या बाजूच्या खाटेच्या पायांखाली विटा दे. पण खरी जाणती होती चार वर्षांच्या मुलाची आई. तुंबलेल्या मोरीसाठी पाण्यात कालवलेला कॉस्टिक सोडा त्याने पेल्यातून प्यायला होता, ताक समजून. त्याची अन्ननलिका तीन ठिकाणी आवळली होती. त्याला फुगा नाही, तारेवरून सरकवायच्या निमुळत्या कांड्या घालत, बारीकपासून जाडीपर्यंत. आकडे तिला पाठ. मला म्हणाली, "पाचव्या आठवड्यात सगळ्यांना वाटतं बरं झालं. मी पेढे वाटले होते." कांड्यांनी भागलं नाही तर मोठ्या आतड्याचा एक तुकडा काढून तो अन्ननलिकेच्या जागी जोडणार होते. ती हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. मुलगा खाली फरशीवर गाडी चालवत होता. फरशी नुकतीच पुसलेली होती, फिनेलचा वास होता, आणि तिने दोनदा उठून मावशींची बादली कुठे आहे ते बघितलं.

रात्री झोप नसायची तेव्हा मी मोबाइलवर वाचत बसायचो. तिथे मला शेव्हलिए जॅक्सन भेटला. १८६५ साली पिट्सबर्गला जन्मलेला अमेरिकन घशाचा डॉक्टर. गिळलेल्या वस्तू दुर्बिणीतून काढण्यात त्याचा हातखंडा. त्याने जमवलेल्या दोन हजारांवर वस्तू, पिना, बटणं, नाणी, फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात खणांतून मांडून ठेवल्या आहेत. त्याच्या काळी तिकडे घरोघर धुण्यासाठी आणि साबणासाठी तीव्र क्षार असायचा, डब्यावर विषाची ना सूचना ना खूण, आणि मुलं तो साखर म्हणून खायची. एका मुलीचं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. आठवडाभर तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नव्हता. त्याने दुर्बिणीतून अडकलेला करडा गोळा काढला. नर्सने पेला दिला. तिने एक घोट घेतला, तो परत येईल म्हणून थांबली, आला नाही. मग अजून एक. मग तिने पेला बाजूला सारला आणि त्याच्या हाताचा मुका घेतला. तो पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी घेऊन राजकारण्यांच्या दारात उभा राहिला : डब्यावर विष असं लिहा. १९२७ च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. मी ते वाचून उठलो आणि घरातल्या मोरीपाशी ठेवलेल्या बाटल्या बघून आलो. एकीवर सरबताचं लेबल होतं. आत फिनेल.

आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकत घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. ती ॲसिडहल्ल्यांमुळे घातली, आणि घालायलाच हवी होती. पण सायकलवाल्याकडे वही नसते. मिस्त्रीच्या त्या पोराचं वय सतरा होतं. दाजींना त्याच्यावर तक्रार करायची होती. मी जबाबात लिहिलं होतं की बाटली मी स्वतः उचलली, आणि ते खरंच होतं. तरी कधी कधी रात्री त्याचा राग येतो. मग त्याच्या चुळा आठवतात.

आठ, दहा, दहा, बारा, साडेतेरा, पंधरा. सहा खेपा. मधल्या दोन दहांमध्ये मी शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायच्या बेतात होतो, कारण आठवडाभरात वण पुन्हा आवळला होता. वर्गातल्या मुलांना मी आजारपणाचं कारण पोट एवढंच सांगितलं होतं, पण त्यांना आकडा माहीत असायचा. मंगळवारी शाळेत गेलो की मॉनिटर विचारायचा, "सर, किती झालं?" दसऱ्याच्या सुमाराला मी पूर्ण भाकरी खाल्ली. चावून, बारीक करून, पस्तीस मिनिटं लावून. पोरं मधल्या सुट्टीत उभी राहून बघत होती.

शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी अजून एक गोष्ट सांगितली, सहज सांगावी तशी. भाजलेल्या अन्ननलिकेत पुढे तीस-चाळीस वर्षांनी कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो. म्हणून वीसेक वर्षांनी पुन्हा स्कोपी सुरू करायची, मग दर काही वर्षांनी. मी छपन्न वर्षांचा असेन. कागद फाइलीत लावताना बायकोने त्यावर तारीख घातली, त्या वर्षाची. तोवर हे कागद कुठे असतील कोण जाणे.

वास्तुशांत शेवटी मार्गशीर्षात झाली. न्हाणीघराच्या टाइल्सवर एक सिमेंटचा डाग अजून तसाच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. पंगतीला बसलो होतो. मी ताईकडे पाणी मागितलं. तिने तांब्यातून पेल्यात ओतलं, आणि तिथेच उभ्या उभ्या, पेल्याला ओठ लावून, एक घोट घेतला. क्षणभर थांबली. मग पेला माझ्या हातात दिला.

मी पेल्याला तोंड लावलं आणि उष्टं पाणी प्यायलो.